नासजवळचे दोनदा बांधलेले घर

मी एक जुने घर आहे, मित्रांनो, आणि मला दोनदा बांधले गेले आहे. आज मी आयर्लंडमध्ये, नास गावाबाहेर एका ओल्या कुरणाच्या कडेला उभे आहे. माझा जन्म मात्र फिलिपिन्सच्या एका बंदरात झाला. तेव्हा तिथे स्पॅनिश लोकांचे राज्य होते. खाली दगडी भिंती, वर लाकडी मजला आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने, असे माझे रूप.

एका स्पॅनिश अधिकाऱ्याने मला बांधून घेतले. गावातल्या पुरुषांना वर्षातले चाळीस दिवस वेठीला धरत. त्यांनी डोंगरातून माझ्या तुळया ओढून आणल्या. एकदा ओंडका घसरला आणि दोघे जण त्याखाली चिरडले. काम अर्धा दिवस थांबले, मग पुन्हा सुरू झाले.

पुढे माझ्यात तंबाखू साठवली गेली, शाळा भरली, शेवटी वटवाघळे राहिली. फिनबार नावाच्या आयरिश व्यापाऱ्याने मला विकत घेतले, प्रत्येक दगडावर नि फळीवर आकडा घातला आणि जहाजातून इथे आणून पुन्हा उभे केले. माझ्यात लग्ने होऊ लागली, मासिकांत माझे फोटो आले. कौतुक ऐकता ऐकता मी स्वतःच माझी सुरुवात विसरत चालले होते.

२०२० साली साथ आली आणि मला कुलूप लागले. माझ्या देखभालीला एकटी अक्षया राहिली. ती साताऱ्याची, डब्लिनला जुन्या वास्तूंच्या जतनाचा अभ्यास करायला आलेली. फिनबारसाठी ती माझ्या इतिहासाची पुस्तिकाही लिहीत होती. त्याच्या शिफारसपत्रावर तिची पुढची नोकरी अवलंबून होती.

नोव्हेंबरात वरच्या खोलीत लूर्देस राहायला आली. ती फिलिपिन्सची, इथल्या इस्पितळात परिचारिका. नवऱ्याची छाती अधू होती, म्हणून ती ड्यूटीवरून घरी जात नसे. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसे, अक्षया खालच्या.

"माझ्या खापरपणजोबांना अशाच कामावर धरून नेलं होतं," एकदा लूर्देस म्हणाली. "ते परत आले नाहीत. हे लिही."

अक्षयाने जुने कागद मागवले, वेठीची नोंद शोधली आणि एक पूर्ण पान लिहिले. फिनबारने फोनवर एवढेच सांगितले, "ते पान नको." तिने ते काढून टाकले.

जानेवारीत लूर्देसला ताप चढला. रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. चार दिवसांनी इस्पितळातून तिचा फोन आला. धाप लागलेल्या आवाजात तिने विचारले, "लिहिलंस ना?"

"हो, लिहिलंय," अक्षया म्हणाली.

त्यानंतर फोन आला नाही. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. अक्षया रस्त्याकडेला उभी राहून आली. माझ्या ओसरीत बसून ती किती तरी वेळ ओले बूट काढायचेच विसरली.

दोन आठवड्यांनी लूर्देसची मुलगी आईची बॅग न्यायला आली. अक्षया तिला म्हणाली, "मी तुझ्या मम्मीला खोटं सांगितलं. ते पान मी काढून टाकलं होतं."

"मम्मीला कळलं होतं," मुलगी म्हणाली. "म्हणाली, पोरीचा आवाज बदलला, घाबरलीय बिचारी."

"रागावल्या?"

"नाही. पण वाईट वाटलं तिला."

त्याच संध्याकाळी अक्षयाने ते पान पुन्हा जोडले आणि एक प्रत त्या मुलीला पाठवली. मार्चमध्ये फिनबार आला. तो वाईट माणूस नव्हता, पण दारातच हातातले कागद मिटून म्हणाला, "इथे लग्नं होतात, अक्षया. नवरीच्या हातात हे देऊ मी?"

"मग पुस्तिकेवर माझं नाव नको."

"आणि शिफारसपत्र?"

"राहू द्या," अक्षया म्हणाली, आणि बॅग भरायला आत गेली. तिला डंडॉकच्या एका ऑफिसात फोन घेण्याचे काम मिळाले आहे. जुन्या वास्तूंशी त्या कामाचा काही संबंध नाही.

ऑगस्टपासून माझ्यात पुन्हा लग्ने होत आहेत. पुस्तिका गुळगुळीत कागदावर छापली आहे. तिच्यात अधिकाऱ्याचे पूर्ण नाव आहे, फिनबारचेही आहे. बाकी कोणाचेच नाही.

मित्रांनो, माझी कौले बदलली जातात, भिंतींची ओल पुसली जाते. तुम्ही कधी आलात तर माझी एवढीच काळजी घ्या, की मला कोणी बांधले ते विचारा. उत्तर द्यायला इथे कोणी नसेल. तरी मोठ्याने विचारा.