पानाच्या पाठीवरचं दार

मी एक जुनी रक्षक पेशी आहे. एका फोटो स्टुडिओच्या कोपऱ्यात रुंद पानांचं झाड कुंडीत उभं आहे. त्याच्या सगळ्यांत खालच्या पानाच्या पाठीवर माझं घर आहे. मित्रांनो, मी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला कमी लेखू नका.

एका पेशीचे दोन भाग झाले आणि आम्ही जुळ्या बहिणी जन्मलो. आमच्या मधल्या फटीला पर्णरंध्र म्हणतात. पोटभर पाणी मिळालं की आम्ही फुगून बाहेर वाकतो आणि दार उघडतं. पाणी कमी पडलं की सैलावतो आणि दार मिटतं. या दारातून हवा आत येते, वाफ बाहेर जाते. वरच्या मजल्यावर लांबट पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. त्यांच्यातली हरितलवकं उजेड, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतात. स्वयंपाक त्यांचा, पण शिधा येतो आमच्या दारातून! कौतुक मात्र सगळं त्यांचंच होतं. चालायचंच.

एकदा स्टुडिओचे मालक, म्हणजे फोटोग्राफरकाका, पानं पुसायला बसले. फोटोत चमक यावी म्हणून त्यांनी डोक्याला लावायचं तेल घेतलं. काका कामात भारी चोख. त्यांनी पानं उलटी करून मागेही तेल चोळलं. आमचं दार बुजलं! पुढच्या काही दिवसांत आत साखर बनेनाशी झाली आणि पान पिवळं पडू लागलं. आता आपलं काही खरं नाही, या विचाराने मी फार घाबरले.

एके दिवशी काकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, स्टुडिओत सहज डोकावल्या. "अहो, झाडाने मान का टाकलीय?"

"कोण जाणे! मी तर किती जपतो. मागची बाजू फोटोत येतसुद्धा नाही, तरी तिथेही तेल लावलं."

काकूंनी कपाळाला हात लावला. "धन्य आहे तुमची! झाडाची नाकं तिथेच तर असतात. निदान या एका कामात तरी आळस करायचा होतात!"

काका ओशाळले. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं घेऊन त्यांनी एकेक पान धुतलं. दुसऱ्या दिवशी ऊन आलं, तशा आम्ही बहिणी हळूहळू फुगलो आणि दार उघडलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! शेजारची काही दारं मात्र कायमची मिटली, त्याचं वाईट वाटतं. बाकी मी सुखात आहे.

मित्रांनो, माया जरूर करा. फक्त हात लावण्याआधी समोरचा श्वास कुठून घेतो, तेवढं बघा.