पालथं लॅडल

स्टॉलवर एकच वस्तू बोलली पाहिजे, बाकीच्यांनी तोंड मिटून बसावं, हे प्रदर्शनातले स्टॉल मांडून देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि प्रत्येक गिऱ्हाईक माझं डोकं खातं. वृषभनं तर कहर केला. शिरोलीतल्या त्याच्या फाउंड्रीत बनणारा झाडून सगळा माल त्याला प्रदर्शनात मांडायचा होता. वर मशीनचे फोटो, बक्षिसांच्या ढाली आणि कोपऱ्यात फिरता दिवा.

"भांड्यांचं दुकान काढतोयस का?" मी म्हणाले. तो शाळेपासूनचा मित्र, म्हणून एवढं चालतं.

मग मीच फाउंड्रीत हिंडले आणि मला हवं ते सापडलं. भट्टीमागच्या भिंतीशी एक जुनं लॅडल पालथं पडलं होतं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं हे भांडं, काळं, जाड, दोघांनी दोन टोकांना धरायच्या लांब दांड्याचं. हेच मधोमध ठेवू, सरळ, आत लाल दिवा. आता ओततील असं वाटलं पाहिजे. वृषभ जरा घुटमळला. मग म्हणाला, "ने की. नुसतं पडून हाय." ते उचलायला त्याचा एकही माणूस पुढं आला नाही. मी माझे सुतार आणून ते नेलं आणि वाटभर त्या कामगारांच्या आळसावर तोंडसुख घेतलं.

पहिल्या दिवशी स्टॉल इतका देखणा दिसत होता की मी स्वतःवरच खूश होते. पण लोक यायचे, लॅडलपाशी थांबायचे, बोलता बोलता आवाज खाली आणायचे आणि माहितीपत्रक न घेताच निघून जायचे. वृषभची माणसं बाहेरच उभी. आत बोलावलं की म्हणायची, "हितंच बरं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले. मेन स्विच बंद होता. लॅडलवरचं कापड काढताना कडेला हात लागला आणि मी ओरडलेच. ते तापलं होतं. त्या कापडी मंडपात जळक्या वाळूचा वास येत होता, भट्टीजवळ येतो तसा. मंडपावर ऊन पडलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाहेर तर ढग होते.

पाहुण्यांना गुलाब द्यायला वृषभनं फाउंड्रीतल्या अंजनामावशींना बोलावलं होतं. ठेवणीतली साडी नेसून त्या आत आल्या. त्यांनी लॅडल पाहिलं आणि फुलांचं तबक त्यांच्या हातून सुटलं.

"ह्ये सरळ कुणी केलं?"

"मी. का हो मावशी?"

"आमच्यात कामाची पाळी संपली की लॅडल पालथं घालत्यात. मग माणूस हातपाय धुतोय आणि घरला जातोय." त्यांचा आवाज चढला. "आमच्या मालकांचं हाय ह्ये, माझ्या कुंकवाच्या धन्याचं. ह्यातलंच लोखंड अंगावर सांडलं आन् त्ये गेलं. मी सोता पालथं घातलंतं. म्हटलं, झाली तुमची पाळी, आता घरला जावा. तुम्ही त्यास्नी परत कामावर उभं केलासा की!"

मी वृषभकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण लॅडल सरळ मी केलं होतं.

तेवढ्यात पुण्याचे साहेब आले. त्यांच्या ऑर्डरीसाठीच वृषभनं हा सगळा घाट घातला होता. ते थेट लॅडलपाशी गेले. "वा! याला म्हणतात मांडणी!"

वृषभ माझ्या कानाशी आला. "संध्याकाळी पालथं घालूया की. सायब जाऊ देत."

मावशींनी ते ऐकलं. "संध्याकाळपतुर उभं ऱ्हायचं व्हय त्यांनी?" आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "ज्यानं सरळ केलं त्यानंच पालथं घालायचं असतंय, ताई. तुम्हीच सोडवा."

मी दांडा धरला. तळहात चरचरला, तरी सोडला नाही. भांडं रिकामं होतं, पण काठोकाठ भरल्यासारखं जड लागत होतं. ते कलेना. आता हातून निसटणार, असं वाटलं तोच दांड्याचं पलीकडचं टोक कुणीतरी उचललं. सावकाश, धक्का न देता, सवयीच्या हातानं. पलीकडं कुणी नव्हतं.

लॅडल पालथं झालं. माझ्या हातातला दांडा गार पडला.

"अहो, हे काय केलंत?" साहेब म्हणाले. "सगळी शोभाच गेली."

वृषभनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता माझ्यावर खापर फोडणार. "आमच्या हंबीररावांचं हाय, सायब, ह्या मावशींच्या मालकांचं," तो म्हणाला. "त्यांची सुटी झाली." आणि तो पायातले बूट काढून उभा राहिला. मला रडू आवरेना.

मावशींनी टेबलावरची पाण्याची बाटली घेतली आणि लॅडलशेजारी जमिनीवर बेतानं धार धरली, कुणी हात पुढं केले असावेत तशी.

"जावा आता," त्या हळूच म्हणाल्या. "दाराला कडी न्हाय. मी बी पाळी संपली की येते."