आत्म्याने लिहिलेली फाइल

भाड्याच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीवर कॉम्प्युटरमधली एक फाइल मोठी करून दाखवली होती. कीबोर्ड काढून सगळ्यांदेखत टेबलावर उलटा ठेवला होता. तरीही भिंतीवर ओळ उमटली, "मी इथेच आहे. रडू नकोस." पहिल्या रांगेतल्या बाईने हंबरडा फोडला आणि सगळ्यांचे हात जोडले गेले.

"देह म्हणजे डबा, आत्मा म्हणजे डेटा!" फाइलबाबा माइकवरून गरजले. "डबा फुटला म्हणून डेटा जातो का? आत्म्याला कीबोर्ड लागत नाही. आत्म्याला कुलूप नाही!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शाळेत प्रोग्रॅमिंग शिकवते. फाइलमध्ये ओळ लिहायला कीबोर्ड लागत नाही, हे माझ्या आठवीच्या वर्गालाही ठाऊक आहे. त्यांच्या गळ्यात कोणी हार घालत नाही.

पण मी आले होते ताईसाठी. भावोजी गेले आणि माझी शहाणीसुरती बहीण या भामट्याच्या नादी लागली. मागच्या बैठकीत भावोजींनी म्हणे फाइलमध्ये लिहिलं, "हृदयाच्या गोळ्या बंद कर. मी तुला सांभाळतो." तेव्हापासून तिने गोळी घेतली नव्हती. डॉक्टर ओरडले, मी पाया पडले, ताई ढिम्म. आता चार पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची.

मी घरी तिच्यासमोर छोटासा प्रोग्रॅम लिहूनही दाखवला होता. फाइल उघड, शेवटी एक ओळ जोड, फाइल बंद कर, जरा थांब, मग पुढची ओळ. कीबोर्डला हात न लावता फाइलमध्ये आलं, "मी आलोय." ताईला पटेल असं मला वाटलं, माझीच अक्कल! ती रडायला लागली.

"त्यांची थट्टा करतेस? आणि त्यांचं आजारपण, माझ्या गोळ्या, हे सगळं बाबांना न सांगता कसं कळलं गं?"

ते मला आज रांगेत उभी राहिल्यावर कळलं. चहा वाटणाऱ्या बायका फार गोड बोलत होत्या. "काकू, कोण गेलं? कशाने? तुम्हाला काही औषधं चालू आहेत का?" कप देता देता सगळं काढून घ्यायचं आणि पडद्यामागे जायचं. पडद्यामागे त्याच कॉम्प्युटरपाशी दुसरा कीबोर्ड घेऊन बाबांचे मेहुणे बसले होते. त्यांच्या या कामाचं नाव 'तांत्रिक सेवा'.

ताईचा नंबर आला तशी मी उभी राहिले. "बाबा, आत्म्याला कुलूप नाही ना? मग या फाइलला 'फक्त वाचा, लिहू नका' अशी खूण करते. भिंतीतून येणारा आत्मा एवढ्याशा खुणेला कशाला भीक घालेल?"

बाबा नुसत्या ओठांनी हसले. "बाई, श्रद्धेची परीक्षा..."

"करू द्या तिला," ताई म्हणाली. "ते येतील. मला खात्री आहे."

सगळा हॉल ऐकत होता, त्यामुळे बाबांना नाही म्हणायची सोय उरली नाही. मी टेबलाशी जाऊन माउसने खूण केली. भिंतीवर नवी ओळ उमटेना. "लहरी मंद आहेत," बाबा म्हणाले. पडद्यामागे मेहुण्यांना मात्र दम धरवेना. काय अडलं ते पाहायला त्यांनी आपला प्रोग्रॅम उघडला. आपल्यासमोर दिसतं तेच भिंतीवर दिसतं, हे घाईत विसरले.

आधी चूक झळकली, फाइलमध्ये लिहायची परवानगी नाही. मग अख्खा प्रोग्रॅम भिंतीवर आला आणि लोक वाचू लागले. आत्म्यांची वाक्यं तिथे आधीच टाइप करून ठेवली होती. ताईसाठी होतं, "गोळ्या सोडल्यास ते छान केलंस. आता डॉक्टरकडेही जाऊ नकोस." त्याखालची ओळ तिसऱ्या रांगेतल्या आजोबांच्या लेकीची होती. आजोबांच्या हातातला चहा अजून संपलासुद्धा नव्हता.

"माझा नंबर यायचाय अजून," ते उभे राहून म्हणाले. "आणि माझ्या पोरीचं बोलणं आधीच तयार?"

"बंद कर ते, गाढवा!" बाबा मेहुण्यांवर खेकसले. माइक चालूच होता.

गेलेलं माणूस लिहीत नाही, जिवंत माणूस लिहितो आणि त्याच्या तोंडी घालतो. भिंतीवर ओळ उमटली की हात जोडण्याआधी विचारा, ही लिहिली कोणी आणि कशासाठी? आणि कोणी औषध सोडायला सांगितलं, मग तो स्वर्गातून बोलत असला तरी, आधी डॉक्टरांना विचारा.

ताईने माझ्याकडे न पाहताच हात पुढे केला.

"तुझ्या पर्समध्ये माझ्या गोळ्या असतील. दे. आणि बाहेरून पाणी आण. यांचा चहा नको."