तळातून काढलेली तसबीर

वैशाखात कडा गावच्या शिवारातली नवी विहीर बांधून झाली आणि सुंदरराव पाटलांनी बीडहून यासीनमियाँ तसबीरवाल्याला बोलावलं. तहसीलदाराला दाखवायची होती ना! मियाँनी काठावर तिपाई रोवली, काळ्या फडक्यात डोकं घातलं, पाटलांना विहिरीशेजारी उभं केलं, आणि झालं काम.

बाजारच्या दिवशी ते तसबीर छापून घेऊन आले. पाटील झकास आले होते, मिशीचा केस न् केस. विहीर मात्र काळी, वाटोळी, सपाट.

"आसाराम, तीन उन्हाळे खपून तवा केलास की बे!" कुणीतरी विहीर बांधणाऱ्या आसारामला डिवचलं, आणि पारावर हशा उठला.

आसारामची बायको मनकर्णा हसली नाही. त्या विहिरीतला मुरूम पाटी-पाटीनं तिच्या डोक्यावरून वर आला होता. आणि घरात सासरा होता, धुळाजी. आजूबाजूच्या कैक विहिरी त्याच्या हातच्या. लेकाला दगडाचे थर लावायला त्यानंच शिकवलेलं. आता गुडघे गेले, उतरणं सरलं. लेकाचं काम बघायचं ते या कागदातच. म्हाताऱ्यानं तसबीर लांब धरली, जवळ धरली, खाली ठेवली.

"पाटील बरे दिसत्यात," एवढंच बोलला. आसाराम उठून बाहेर गेला.

मनकर्णा तडक पाटलांच्या ओसरीवर. मियाँ निघायला घोड्यावर खोगीर कसत होते.

"मियाँभाई, आणिक एक काढा. पर खालून."

"विहिरीतून? बाई, तिथं अंधार."

"भर दुपारी नसतोय. ऊन सरळ तळाला उतरतं, चिलीम ओढून होईस्तोवर ऱ्हातं. मला इचारा की!"

"तसबिरीची काच एकच उरली," म्हणत मियाँनी पाटलांकडे पाहिलं.

पाटील मिशीत हसले. "आन् आमी कुठं उभं ऱ्हायचं?"

"काठावरच, मालक. वाकून बघायचं. हलायचं तेवढं न्हाई."

नव्या पाण्यात पायताण घालून उतरत नाहीत, म्हणून तिनं मियाँचे बूट वरच काढायला लावले. कॅमेरा पाटीत, पाटी चुंबळीवर, आणि ती भिंतीतल्या दगडी पायऱ्यांनी अशी उतरली, जशी परड्यात चालावी. मियाँ मागून भिंतीला बिलगत, अल्लाचं नाव घेत.

खाली मियाँ तिपाई उघडू लागले.

"छातीएवढं उंच नगं. पाटी उचलायला मी बसायची, तिथून बघा."

मियाँ गुडघाभर पाण्यात उकिडवे बसले, मान वर केली, नि बसूनच राहिले. मग कॅमेरा सपाट दगडावर आभाळाकडं तोंड करून ठेवला. ऊन सळसळत तळाला आलं. वर पाटलांच्या नाकावर माशी बसली, तरी ते हलले नाहीत.

पुढच्या बाजारी तसबीर आली. दगडाच्या थरावर थर, कड्यावर कडं, चढत चढत आभाळापर्यंत गेलेलं. आणि काठावर गव्हाच्या दाण्याएवढा पटका.

"ह्यो मी?" पाटील डोळे बारीक करून म्हणाले, आणि पोट धरून हसले. "आसाराम, लई खोल गेलतास रे बाबा!"

धुळाजीनं तसबीर मांडीवर घेतली. बोट तळच्या थरावर टेकलं, वर सरकलं, पाचव्या थरावर थांबलं.

"ह्यो दगड कावून तिरपा बसवला बे?"

आसाराम धावत येऊन बापाशेजारी बसला. "आबा, तिथं झरा लागला व्हता. त्याला वाट ठिवली."

म्हाताऱ्यानं त्या दगडावरून बोट फिरवलं.

"मंग बरुबर हाय," म्हणाला, आणि बोट सहाव्या थरावर चढलं.