सावड कोणी फेडायची

डोळखांबच्या पलीकडच्या त्या पाड्यात लावणीला मजूर लावत नाहीत. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या, ही सावड. त्यामुळे कल्याणच्या एका गिर्यारोहण संस्थेचा पंकज सारिकाच्या ओटीवर बसून म्हणाला, "ताई, डोंगरावरची जुनी पायवाट आपण मिळून दुरुस्त करू, ट्रेकर येतील, तुमच्या घरी जेवतील," तेव्हा तिने लगेच विचारलं, "मग लावणीला तुमी आमच्याकडं येणार ना?"

"अहो, नक्की!" पंकज चहा संपवत म्हणाला. एवढ्या सहज हो म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे तिला तेव्हा कुठे कळलं होतं?

उन्हाळ्यातले सगळे रविवार वाटेने खाल्ले. करवंदीच्या जाळ्या तोडल्या, दगड वाहिले, पायऱ्या बसवल्या. शहरातली पोरं हातमोजे घालून मन लावून राबायची, नाही म्हणायला जागा नाही. पण दुपार झाली की त्यांना गाडीची घाई व्हायची आणि उरलेलं काम पाड्याच्या अंगावर पडायचं. कोणी कुरकुर केली की सारिका म्हणायची, "लावणीला येतील ते. मी सांगते ना!"

पहिली लावणी बाईजाकाकीच्या वावरात ठरली. काकी पाड्यातली सगळ्यात वडील आणि तोंडाने फटकळ. सारिकाने पंकजला फोन केला, त्याने पुन्हा हो म्हटलं. पहाटे उठून तिने टोपभर भात आणि सुकटीचं कालवण रांधलं. रोपांच्या मुठी बांधून बांधावर मांडल्या आणि पाडा वाट बघत बसला.

आले ते. पण रंगीत रेनकोट घालून, फलक घेऊन, पन्नासेक पाहुण्यांसह.

"ताई, आज वाटेचं उद्घाटन!" पंकजचा चेहरा फुलला होता. "फीत तुम्हीच कापायची."

"आणि लावणी?"

"हो, हो, ती पण करू की!"

पाच-सहा जण बूट काढून चिखलात उतरले. किंचाळले, हसले, फोटो काढले आणि रोपं वाकडीतिकडी खोचून पाय धुवायला ओढ्यावर गेले. मग सगळे मिळून पायऱ्या चढू लागले.  बाईजाकाकी सारिकाकडे वळली.

"तुझ्या शब्दावर आमी दिवस दिलं गो. आता ही सावड कोण फेडणार? नाय फिटली, तं तुझ्या वावरात पाय ठेवायचा नाय कुणी."

सारिका धावत जाऊन पंकजच्या आडवी आली. "दादा, आमच्यात हे असं चालत नाय. माझी अब्रू जाते. आजचा दिवस तरी थांबा!"

"ताई, पाहुणे आहेत ना सोबत," तो अवघडून म्हणाला. "पुढच्या वेळी नक्की. आणि वरच्या पायऱ्या पावसाने सरकल्यात, रविवारी पाड्यातून माणसं लागतील. सांगाल ना?"

"सांगते की," ती म्हणाली. "येऊ आमी. फोटोपुरतं."

पंकज मनापासून हसला. त्याला ती गंमत वाटली.

सारिका परत फिरली, लुगड्याचा काचा खोचला आणि पाहुण्यांनी लावलेली रोपं उपटून पुन्हा नीट लावू लागली. आज काकीचं वावर, मग एकेका घराचं. प्रत्येक घराचा दिवस आता तिला एकटीला फेडायचा होता. तोवर तिची स्वतःची रोपं वाफ्यातच जून होऊन वाया जाणार होती.