मुरलेलं भांडं

लामोत सरांच्या प्रयोगशाळेत एक पोलादी भांडं होतं, आणि त्याला आम्लाने घासायची कोणाची छाती नव्हती. जाड बुडाचं, झाकण घट्ट बसावं म्हणून त्याखाली टेफ्लॉनची पांढरी कडी. त्यात दाबाखाली हायड्रोजन सोडून सरांनी उभा जन्म प्रयोग केले होते. काम झालं की अल्कोहोलने नुसतं विसळायचं. "माझी आई बिडाचा तवा कधी घासायची नाही, म्हणून तिची धिरडी सुटायची," असं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवत. "भांडं मुरावं लागतं, बाळांनो." केबेकमधल्या एवढ्या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाने असं बोलावं याचं सगळ्यांना हसू येई, आणि सगळे निमूटपणे विसळत.

नोएमी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. विषय तोच, सरांचा. काही रेणूंची हातमोज्यांसारखी डावी-उजवी जोडी असते. औषधात त्यातला एकच कामाचा; दुसरा कधी निरुपयोगी, तर कधी घातक. ही रसायनक्रिया घडवून आणणाऱ्या नुसत्या प्लॅटिनमला हा भेद कळत नाही, ते दोन्ही निम्मे निम्मे बनवतं. पण त्याच्या पृष्ठभागावर आधी एखादा एकाच हाताचा रेणू बसवला, तर तो शेजारी एका अंगाचीच जागा मोकळी ठेवतो, आणि येणाऱ्या रेणूला त्याच अंगाने टेकावं लागतं, म्हणून एकाच हाताचा माल जास्त बनतो. सरांची हयात गेली ती सिंकोनाच्या सालीतल्या रेणूवर. तो किचकट आणि महागडा. नोएमीने एक साधा, इवलासा रेणू शोधला, आणि त्यानेही उजवा माल जास्त येऊ लागला.

त्यावरचा शोधनिबंध छापून आला. रिवाजाप्रमाणे राबणाऱ्या विद्यार्थिनीचं नाव आधी, सरांचं शेवटी. तोवर सरांना झालेला कर्करोग यकृतात पोचला होता. हे एवढं मागे ठेवून जातोय, आता सुखाने डोळे मिटेन, असं ते म्हणाले, आणि ती थट्टा नव्हती.

फेब्रुवारीत, नदीवर बर्फ धरलेला असताना, नोएमीने आपल्या रेणूचं आरशातलं रूप तयार केलं. आता माल डावा यायला हवा होता. आला उजवाच. तिने पुन्हा केलं, पुन्हा उजवा. मग तिने भांड्यात नुसतं प्लॅटिनम घातलं, दुसरं काहीच नाही. तरीही उजवा. निबंधाआधी हीच तपासणी तिने केली होती, पण जुनं भांडं दुसऱ्या प्रयोगात गुंतलेलं म्हणून नव्या भांड्यात, आणि तिथे बरोबर निम्मे निम्मे आले होते. म्हणजे सगळी करणी सिंकोनाची. वर्षानुवर्षं त्या टेफ्लॉनच्या कडीत मुरलेला तो रेणू दर खेपेला कणभर बाहेर येत होता, आणि माल उजवीकडे कलायला तेवढं पुरत होतं. तिचा रेणू बिचारा नुसताच बसून होता.

गप्प राहणं सोपं होतं. डॉक्टरांनी सरांना थोडेच आठवडे दिले होते. ते समाधानाने गेले असते, मग तिने सावकाश काय ते जाहीर केलं असतं. पण मग सरांची चूक सरांच्या माघारी दुसऱ्याच कोणी कबूल केली असती. हे तिला सहन होईना. ती त्यांच्या घरी गेली.

सरांच्या पत्नीने, युगेतने, दारातच बजावलं, "सकाळपासून दोन चमचे सूप गेलंय पोटात. फार बोलायला लावू नकोस गं."

नोएमीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सर डोळे मिटून ऐकत होते.

"किती कललं?" त्यांनी विचारलं.

"शंभरात साठ उजवे."

"नुसत्या विसळलेल्या भांड्यात," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर कौतुक आलं आणि मग ते मावळलं.

"चूक माझी आहे, सर. तपासणी त्याच भांड्यात करायला हवी होती."

"भांडं माझं. हट्ट माझा. निबंध मागे घेतोय म्हणून पत्र लिही. आणि या खेपेला माझं नाव आधी घाल."

"सर, तसा रिवाज नाही."

"ज्याचं काम, त्याचं नाव आधी. हा रिवाज या प्रयोगशाळेत मीच पाडलाय, पोरी. हे काम माझं आहे."

तिने तिथेच बसून पत्र लिहिलं. सरांनी सही केली, आणि ती उठली तेव्हा म्हणाले, "आता ते भांडं घासून टाक. कडीही बदल."

बर्फ वितळायच्या आधी सर गेले. त्यानंतर कितीतरी दिवस तिचा हात त्या भांड्याकडे जाईना. शेवटी एका दुपारी तिने जुनी कडी काढून फेकली, आम्ल ओतून भांडं उकळलं, नवी कडी बसवली आणि आत नुसतं प्लॅटिनम घालून प्रयोग लावला.

पन्नास डावे, पन्नास उजवे. अगदी यायला हवे तसे. भांड्यात आता सरांचं काहीच उरलं नव्हतं. नोएमी ते झाकण मांडीवर घेऊन बसली आणि पोटभर रडली.