मधल्या जागेवरची विमल

मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात माझी बसायची जागा मधली. डावीकडे दमयंती, उजवीकडे मैमुना, मध्ये मी, विमल. पूर्वी या जागेचं सुख होतं. दोन्हीकडून चहा यायचा, पान यायचं, सुनांच्या तक्रारी यायच्या. दोन हजार नऊची विधानसभा आली आणि दोन्हीकडून नुसते मोबाइल यायला लागले.

"हे वाच गो विमल," म्हणून दमयंती फोन नाकाशी धरणार. तिच्या लेकाने, दर्शनने मेसेज पाठवलेला. तो संपतोय तोच मैमुनाचा फोन पुढे, त्यात तिच्या लेकाने, तन्वीरने पाठवलेला. दोघींना वाचता येत नाही आणि मी सातवी शिकले, हा माझा गुन्हा. इंग्रजी अक्षरांतलं मराठी जुळवता जुळवता माझ्या समोरचं गिऱ्हाईक निघून जायचं.

घरी गेल्यावर दोघी बातम्या लावून बसायच्या. चॅनल वेगवेगळे. कुठल्याशा लांबच्या गावात दगडफेक झाली, एक रिक्षा जळली. रिक्षा दोन्ही घरांत तीच, जाळणारे मात्र वेगळे. त्या गावाचं नावसुद्धा दोघींनी आधी ऐकलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दोघी माझ्या डोक्यावरून एकमेकींना असं बघत होत्या, जणू काडी समोरचीनेच लावली.

आता आमची रीत सांगते. ट्रॉलरवरचा बांगड्यांचा अख्खा लॉट एकटीला झेपत नाही, म्हणून आम्ही तिघी भागीत घेतो. लिलावात एकीने क्रेटवर हात ठेवला की उरलेल्या दोघींनी तोंड उघडायचं नाही. मग मी तीन वाटे करायचे. माझा नवरा दादू कमरेने बसलाय, घर या तिसऱ्या वाट्यावर चालतं. हे दोघींना चांगलं ठाऊक आहे.

तरी त्या सोमवारी दमयंतीचा हात क्रेटवर असताना मैमुनाने वरचा भाव पुकारला. लिलाव करणारा काशीराम गडबडलाच. मग खूश झाला. दमयंती इरेला पेटली आणि भलत्या भावात सगळा लॉट एकटीने घेऊन बसली. मैमुना रिकामी पाटी घेऊन घरी गेली. माझी पाटी कोणाच्या ध्यानातही नव्हती.

दमयंतीची निम्मी गिऱ्हाइकं मैमुनाच्याच मोहल्ल्यातली. त्या दिवशी ती गिऱ्हाइकं नजर चुकवून पुढे गेली. दुपारपर्यंत बांगडे मऊ पडले. मला भयंकर राग आला. मासे नासले याचा जास्त की या दोघींचा, ते मलाही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघींनी सवयीने फोन माझ्यापुढे धरले. मी दोन्ही हातांत घेतले आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले. "त्यांच्याकडून मासळी घेऊ नका, आपल्या माणसाला जगवा." पहिल्यात हेच, दुसऱ्यातही हेच, अक्षर न् अक्षर. फक्त 'आपले' कोण, तेवढं बदललेलं.

"कळलं काय आता?" मी म्हटलं.

"कळलं तर," दमयंती फणकारली, "आमचा मेसेज चोरलानी त्यांनी!"

"चोरतंय कोण? आमचा आधी आला!" मैमुना उठून उभीच राहिली.

कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं मी.

बुधवारी लिलावात बोली लावायची पाळी माझी नव्हती, तरी मीच पुढे होऊन क्रेटवर हात ठेवला. काशीरामने एकदा दमयंतीकडे पाहिलं, एकदा मैमुनाकडे. दोघींनी ओठ घट्ट मिटून घेतले. माझ्या हातावर भाव चढवायला अजून तरी दोघी धजल्या नाहीत. लॉट आमचा झाला. माझे डोळे भरून आले, ते मी पदराने पुसले.

बाजारात येऊन मी तीन वाटे मांडले. बांगडे ताजे, चकचकीत. "उचला गो," मी म्हटलं. दोघींनी हात पुढे केले. तेवढ्यात दमयंतीच्या कमरेचा फोन वाजला, त्याच्यामागोमाग मैमुनाचाही.

दोघींचे हात मागे फिरले. दोन्हीकडून फोन माझ्या तोंडापुढे आले.

"आधी वाच," दोघी एकदम म्हणाल्या.

मी फोनना हात लावला नाही. तशाच त्या धरून बसल्या, आणि मी तिन्ही वाट्यांवरच्या माश्या हाकत राहिले.